दुरपताच्या चढावर ‘ऊठ’ म्हणत नाहीत

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. मोजणारे केव्हाच गेले. तेव्हा तेलझरीच्या या चढावर डांबर नव्हतं, लोखंड होतं. खाली गावाला लागून कोळशाची खाण होती. खाणीतला कोळसा डब्यांत भरायचा, डबे इंजिनाला लागायचे आणि इंजिन धापा टाकत हा चढ चढायचं. वर पोचलं की पुढे मोठ्या ठेसनापर्यंत उतारच उतार, गाडी घरंगळत गेल्यासारखी जायची. सगळं दुखणं होतं ते या अर्ध्या कोसाचं. मोकळ्या हाताने चालणाऱ्याला इथे दम लागतो, मग सत्तावीस डबे कोळशाचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

असं म्हणतात की लाईन टाकली तेव्हाच गावातली जुनी माणसं बोलली होती, डोंगराला वळसा घाला, सरळ नेऊ नका. पण साहेबाला घाई होती. गावच्या माणसाचं ऐकायचं तर मग साहेब कशाला व्हायचं! लाईन सरळ गेली, आणि त्या सरळपणाची किंमत पुढे दुरपताने भरली.

ही दुरपता कोण? तर भडभुंजीण. चढाच्या पायथ्याशी, लाईनीपासून वीस पावलांवर तिची भट्टी होती. भट्टीवर मोठी लोखंडी कढई, कढईत तापलेली रेती, रेतीत चणे पडले की तडतड तडतड फुटाणे व्हायचे. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस तिच्याकडचे मूठभर फुटाणे कनवटीला बांधून उतरायचा. तिच्या भट्टीजवळ रेतीची दोन मडकी असायची. एकात अळणी रेती, लाह्या आणि साध्या फुटाण्यांची. दुसऱ्यात खारी रेती, मिठाच्या पाण्याची, खाऱ्या फुटाण्यांची. ही दोन मडकी ध्यानात ठेवा. पुढे तुम्ही म्हणाल, आधी का नाही सांगितलं.

तिचा नवरा दमडू. भट्टीवर दोघांचं भागेना म्हणून तो गाडीवर लागला. काम ब्रेकवाल्याचं. शेवटच्या डब्याच्या टपावर उघड्यावर बसायचं आणि गाडी मागे सरायला लागली की ब्रेकचं चाक गरागरा फिरवून आवळायचं. ऊन असो, पाणी असो, तिथेच बसायचं. चढताना तो भट्टीकडे बघून हात हलवायचा आणि ही झारा हलवायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती तरी हे चालायचं, आणि गावच्या बाया तिला चिडवायच्या.

एका श्रावणात दुपारी पाऊस धरला. गाडी चढाला लागली आणि अर्ध्यावर चाकं घसरली. ओल्या रुळावर चाक जागच्या जागी फिरतं, पकडत नाही. त्यासाठी इंजिनाला रेतीची पेटी असते. चाकाखाली रेती पडली की चाक धरतं. पण पेटी गळकी, त्या दिवशी तिच्यातली रेतीच ओली होऊन गोळा झालेली. ती खाली उतरेना. गाडी थांबली, मग मागे सरली, मग धावायलाच लागली. लोक ओरडले, “दमडू, उडी टाक! उडी टाक बापा!” त्याने उडी टाकली नाही. खाली गाव होतं. तो चाक आवळतच राहिला. गावाच्या शिवेवर शेवटचे दोन डबे उलटले आणि गाडी थांबली. एका घराचं कौलसुद्धा हललं नाही. दमडू मात्र कोळशाखाली गेला.

काही लोक सांगतात, दुरपता रडली नाही, दगडासारखी उभी राहिली. साफ खोटं. ती धाय मोकलून रडली, नखांनी कोळसा उकरत रडली. तिसऱ्या दिवशी इंजिनाचा ड्रायव्हर फकरूमियाँ तिच्या भट्टीपुढे येऊन मान खाली घालून उभा राहिला.

तिने विचारलं, “काहून सरली जी गाडी मागं?”

“रेती ओली होती, भाभी. उतरलीच नाही.”

“कोरडी असती तं?”

“तर चाकानं धरलं असतं.”

“किती लागते चढाले?”

फकरूमियाँला आधी कळेना ही काय विचारते आहे. मग म्हणाला, “असून नसून दोन पायल्या.”

दुरपता कढईकडे बघत राहिली. म्हणाली, “माह्या कढईत चार पायल्या होती. कोरडी. वीस पावलांवर.”

तो गेला. आणि दुसऱ्या दिवशी गाडी चढाच्या तोंडाशी आली तेव्हा रुळांच्या मधोमध दुरपता उभी होती. पोटाला गोणपाटाची ओटी बांधलेली, ओटीत भट्टीवर भाजलेली अळणी रेती. तिने इंजिनाकडे पाठ केली आणि चालायला लागली. पेरणीला निघालेली बाई जशी चालते तशी. डाव्या मुठीतून डाव्या रुळावर रेती, उजव्या मुठीतून उजव्या रुळावर. मागून फकरूमियाँने इंजिन तिच्या चालीने चालवलं. भर पावसात, एकदाही चाक न घसरता, सत्तावीस डबे वर गेले.

असं म्हणतात की त्या दिवसापासून बावीस वर्षं तिच्याशिवाय गाडी चढली नाही. सकाळी एक खेप, तिसऱ्या प्रहरी एक खेप. पावसाळ्यात तर तिची गरजच होती. पण हिवाळ्यात दव पडायचं म्हणून ड्रायव्हर तिला बोलवायचे, आणि वैशाखात, रूळ तव्यासारखे तापलेले असताना, उगीच मनात शंका नको म्हणून बोलवायचे. एकदा सवय लागली की लागली. सायडिंगला, खाणीकडच्या फाट्याच्या रुळावर, गाडी जोडून झाली की कोणीतरी भट्टीपाशी येऊन, तुमच्या ‘गं’ऐवजी आमचा ‘व’ लावून, म्हणायचं, “ऊठ व दुरपता, गाडी लागली.” ती जेवत असली तरी, अंग दुखत असलं तरी, डोळा लागला असला तरी. “ऊठ व दुरपता.” पोरंबाळं तिला नव्हती. तिला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे तिच्या नावाआधी ‘ऊठ’ हा शब्द कायमचाच चिकटला.

आणि या कामात एक खोड होती. चढावर थांबायचं नाही. ती थांबली तर इंजिन थांबणार, आणि चढावर थांबलेलं इंजिन सहसा पुन्हा हलत नाही. म्हणून पायात काटा गेला तरी चालायचं, खोकला आला तरी चालायचं. मागे वळूनही बघायचं नाही, कारण बघताना पाय अडखळतो. चढाच्या माथ्यावर एक सपाट काळा दगड होता, अजून आहे. ती रोज त्याच्याकडे बघत बघत चढायची. मनात म्हणायची, आज वर गेले की घटकाभर टेकीन. पण वर पोचली की पुढच्या खेपेची रेती भाजायची आठवण व्हायची. ओली रेती आणायची, चाळायची, भाजायची, निववायची, मडक्यात भरायची, वर झाकण. खाली आलंच पाहिजे. बावीस वर्षं तो दगड तिने नुसता बघितला. बसली एकदाही नाही.

एकदा म्हणे मोठा साहेब आला. एक बाई पुढे आणि गाडी मागे, हे बघून चकित झाला आणि त्याने तिला रेल्वेचा पितळी गुंड्यांचा कोट बक्षीस दिला. दुरपताने तो कोट रेतीच्या मडक्याला पांघरला. साहेब म्हणाला, हे काय? ती म्हणाली, “मी भिजली तं वाळीन जी. रेती भिजली तं गाव जाईन.” तेव्हापासून कोट ज्या मडक्यावर, ती गाडीची रेती, अशी खूणच ठरली.

आता मुख्य गोष्ट ऐका. मध्ये बोलू नका, मला दम पुरत नाही.

ते बाविसावं वर्ष. आठ दिवस झड लागलेली, सूर्य कोणी बघितला नव्हता. दुरपताचे केस पांढरे झाले होते आणि चार दिवसांपासून अंगात ताप होता. त्यातच पोळा आला. आदल्या दिवशी गावात खांदमळणी झाली. वर्षभर जोखड वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोण्याहळदीने चोळलं आणि घरोघरी बैलांच्या कानात सांगितलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पोळ्याला गावभर खारे फुटाणे लागतात. म्हणून दुरपताने दिवसभर खारे फुटाणे भाजले, खारी रेती भरून ठेवली, मग गाडीची अळणी रेती भाजली, तीही भरून ठेवली. हात पाय गळून गेले होते. डोळ्यांवर झापड होती. तिने कोट उचलला आणि मडक्यावर पांघरला.

चुकीच्या मडक्यावर पांघरला. दुसऱ्या कोणी नाही, तिनेच.

पोळ्याच्या दिवशी सकाळची खेप आदल्या उरलेल्या रेतीवर निभली. तिसऱ्या प्रहरी हाक आली, “ऊठ व दुरपता, गाडी लागली.” ती उठली, कोट बाजूला केला, ओटी भरली. रुळावर गेली तेव्हा फकरूमियाँ इंजिनातून वाकून बघत होता. त्याचीही दाढी आता पांढरी झाली होती.

ती म्हणाली, “आज पोळा हाय, मियाँजी. बैलाइलेही आज जोखड नाही.”

तो म्हणाला, “इंजिनला कुठे पोळा असतो, बाई! आजची खेप करू. उद्या मी साहेबाला सांगतो, बाईला आता आराम पाहिजे.”

“बावीस वर्षं उद्याच सांगून राह्यले तुम्ही,” ती म्हणाली आणि हसली. मग पाठ फिरवून चालायला लागली.

खाली पायथ्याशी पोळा भरला होता. गावात मोकळी सपाट जागा तेवढीच, रुळांच्या कडेची. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली रांगेने बैल उभे, अंगावर झुली, शिंगांना बेगड. बायकापोरं, म्हातारीकोतारी, सगळं गाव तिथे. झडत्या, पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणं चाललं होतं.

अर्ध्या चढावर दुरपताला मुठीत काहीतरी वेगळं वाटलं. रेती बोटांतून सुटेना. चिकटत होती. तापामुळे हाताला घाम आला असेल असं तिला आधी वाटलं. मग तिने एक बोट जिभेला लावलं.

खारट!

मीठ पावसाळ्यात पाणी धरतं, हे तिला सांगायला नको होतं. जन्म त्यात गेला होता. तिने आपल्या हातांनी अर्ध्या चढावर, दोन्ही रुळांवर, पाणी धरणारी रेती पेरली होती. आणि मागे चाकांचा आवाज बदलला. घरघर थांबून नुसती गरगर आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने वळून बघितलं. चाकं जागच्या जागी फिरत होती. मग चाकं थांबली, आणि सगळी गाडी एक वीतभर मागे सरली.

खाली झडत्या चालूच होत्या. कोणाला काही पत्ता नव्हता.

“मियाँजी!” ती ओरडली. “आग काढा!”

“काय?”

“भट्टीतली आग काढा म्हणते ना! खाली टाका!”

तो भडभुंजा नव्हता, पण जन्मभर आगीपुढे उभा राहिलेला माणूस होता. त्याला कळलं. आगीत जे असतं ते तर कोरडंच असतं! त्याने आणि फायरमनने फावड्यांनी राख, निखारे, जे हाताला आलं ते इंजिनाच्या पोटातून ओढून बाहेर लोटलं. दुरपताने ओटीतली खारी रेती झटकून दिली, ओलं गोणपाट पसरलं आणि दोन्ही हातांनी ते निखारे ओटीत भरले. असं म्हणतात की तिचे हात पोळले नाहीत. भडभुंजिणीच्या हाताला आग ओळखते. मला विचाराल तर पोळले असणार. पण त्या घडीला हातांकडे बघायला वेळ कोणाला होता?

गाडी आता सरत होती, हळूहळू, मग जरा वेगाने. आणि दुरपता गाडीच्या बाजूने खाली धावत सुटली. पांढऱ्या केसांची, तापाने फणफणलेली, पोटाशी आग बांधलेली बाई. असं म्हणतात की तिने सत्तावीसच्या सत्तावीस डबे मागे टाकले. पोरं म्हणतात, हे कसं शक्य आहे? असेल नसेल, बापहो. मी माझ्या आज्याकडून ऐकलं, आज्याने त्याच्या बापाकडून, आणि त्याचा बाप त्या दिवशी तोरणाखाली बैलाचा कासरा धरून उभा होता. तो म्हणायचा, बाई धावत नव्हती, चढच तिच्या पायाखालून मागे पळत होता.

शेवटच्या डब्यावरचा ब्रेकवाला उडी टाकायच्या बेतात होता. एक पाय त्याने बाहेर काढलाही होता. दुरपता त्याच्याही पुढे गेली, सरणाऱ्या गाडीच्या वाटेत, दोन रुळांच्या मधोमध उभी राहिली. गाडी तिच्या अंगावर येत होती. ती मागे मागे चालत दोन्ही मुठींनी रुळांवर राख पेरायला लागली. ओल्या रुळांवर निखारे चर्र चर्र वाजत होते, वाफ उठत होती. त्या वाफेतून ती वर बघून ओरडली, “चाक सोडू नको, बापा! फिरव! कोरडं हाय! या बारीनं कोरडं हाय!”

त्या माणसाने पाय आत घेतला आणि चाक आवळलं. फकरूमियाँने वरून आवळलं. चाकांखाली राख करकरली. गाडीने एक मोठा आचका दिला, सगळे डबे एकमेकांवर आदळले आणि थांबली. तोरणापासून एक कासराभर अंतरावर. बैलांनी फक्त माना वळवून बघितलं.

गाव जागच्या जागी गार झालं. मग रडणं, ओरडणं, पाया पडणं सुरू झालं. दुरपता कोणाकडे बघत नव्हती. ती फकरूमियाँला म्हणाली, “चुकी माही हाय. खारी पेरली मी. तुमची खेप राह्यली, चला.” लोक नको नको म्हणाले. फकरूमियाँने उरलेल्या विस्तवावर कोळसा घालून पुन्हा वाफ धरली. पण तिने इंजिनापुढे जाऊन ओटीत पुन्हा राख घेतली, दोन्ही रूळ दुसऱ्या गोणपाटाने पुसले, आणि पाठ फिरवून चालायला लागली. तीच चाल. मागून सत्तावीस डबे. अर्धा कोस.

वर पोचली आणि त्या दिवशी ती खाली आली नाही. काळ्या दगडाजवळ गेली. हाताने दगडावरचं पाणी निरपलं आणि बसली.

फकरूमियाँने गाडी माथ्यावर उभी केली आणि खाली उतरून आला. “बाई, कसं वाटतं?”

“बरं वाटते,” ती म्हणाली. “मऊ हाय हा दगड.” मग म्हणाली, “मियाँजी, आता थोडा वेळ कोणी ऊठ म्हणू नका.”

“नाही म्हणत,” तो म्हणाला. त्याने गाडी पुढे नेली, शिटी न वाजवता.

खाली पोळा फुटला, बैल घरोघरी जेवायला गेले, आणि मग बायका पुरणाचं ताट घेऊन वर आल्या. दुरपता तशीच बसली होती. काळेठिक्कर पडलेले हात मांडीवर, तोंड गावाकडे. एका बाईने सवयीने तोंड उघडलं, “ऊठ व…” आणि पुढचं तिच्या तोंडातून निघेना. तिला कळलं. सगळ्यांना कळलं. असं म्हणतात की कोणीच तिला हलवलं नाही, आणि पावसाने झड थांबवली, आणि ती हळूहळू त्या दगडातच गेली. काही म्हणतात, तिला तिथेच दगडाखाली ठेवलं. काहीही धरा. ती तिथे आहे एवढं खरं.

पुढे खाणीत पाणी भरलं, खाण बंद पडली. रूळ उपटून ट्रकांत घालून नेले. स्लीपर गावाने नेले; तेलझरीत कोणत्याही गोठ्याचं दार बघा, लाकूड लाईनीचं आहे. आता चढावर डांबरी रस्ता आहे आणि दिवसातून दोनदा एसटी येते. कोळशाचं नाव कोणी काढत नाही.

पण पोळ्याच्या दिवशी तेलझरीत कोणी खारे फुटाणे खात नाही, अळणीच खातात. आणि आदल्या दिवशी, बैलांची खांदमळणी झाली की गावच्या बाया उरलेलं लोणी-हळद घेऊन चढ चढतात. दगडाच्या दोन्ही कडांना, खांदे चोळावेत तसं चोळतात आणि खाली वाकून सांगतात, “दुरपतामाय, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

आणि त्या दगडावर जो बसेल, त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. सासू सुनेला म्हणत नाही, मालक मजुराला म्हणत नाही. एसटीचा थांबाही नेमका तिथेच आहे. मागच्या साली नवा कंडक्टर आला होता, लांबचा कुठला. दगडावर एक बाई बसली होती, सरपणाची मोळी शेजारी ठेवून, डोळे मिटून. त्याने दार उघडलं आणि ओरडला, “चला, उठा, उठा, उशीर झाला!” तशी सगळी गाडी त्याच्याकडे बघायला लागली. मागच्या सीटवरचा म्हातारा शांतपणे म्हणाला, “इथं नाही म्हणत, बापू.”

कंडक्टरने विचारलं, का? कोणी सांगितलं नाही, कारण सांगायला बसलं तर एवढं सगळं सांगावं लागतं. त्याने एकदा घड्याळ बघितलं, एकदा त्या बाईकडे बघितलं, आणि घंटीची दोरी सोडून दिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाई आपणहून उठली, मोळी उचलून वर चढली, तेव्हा गाडी निघाली.